काळ्या ससाण्याची तिसरी भरारी

1941 च्या जूनमध्ये हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत ‘द माल्टीज फाल्कन’चं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा त्याच्या बाजूनं फारसं काही नव्हतं. खर्चाला चार लाख डॉलरही नाहीत, दिग्दर्शक नवखा, आधी विचारलेल्या नटानं नायकाची भूमिका नाकारलेली. आणि कथा याच स्टुडिओनं दोनदा पडद्यावर आणून झालेली. तरीही कृष्णधवल गुप्तहेरपटांची गोष्ट निघाली की या तिसऱ्या प्रयत्नापाशी थांबावंच लागतं.

कथा डॅशिएल हॅमेटची. लेखक होण्याआधी तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे हेरगिरी त्यानं पोटासाठी केलेली होती. ‘ब्लॅक मास्क’ मासिकात क्रमशः आलेली ही कादंबरी 1930 मध्ये पुस्तकरूपात निघाली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सॅम स्पेडच्या कचेरीत एक देखणी तरुणी खोटं नाव सांगून येते. त्याच रात्री स्पेडच्या भागीदाराचा खून होतो. मग रत्नजडित ससाण्याच्या मूर्तीमागे लागलेली माणसं एकामागून एक त्याच्यासमोर येऊन ठाकतात.

मूर्ती काल्पनिक असली, तरी तिला इतिहासाचा धागा आहे. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं माल्टा बेट सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना दिलं आणि त्याबदल्यात दरवर्षी एक ससाणा देण्याची अट घातली. तो जिवंत पक्षी होता. हॅमेटनं त्याला सोन्याची आणि रत्नांची काया दिली.

1931 मध्ये रिकार्डो कोर्टेझला घेऊन पहिला चित्रपट झाला. पुढे सेन्सॉरची नियमावली कडक झाली आणि तो पुन्हा प्रदर्शित करायला परवानगी मिळेना. 1936 मध्ये ‘सेटन मेट अ लेडी’ आला. त्यात बेट डेव्हिस होती, पण ससाण्याच्या जागी रत्नांनी भरलेलं शिंग आलं आणि रहस्याचा विनोदी पट झाला.

जॉन ह्यूस्टन तोवर पटकथालेखक म्हणून नावाजलेला होता. दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाल्यावर त्यानं सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली: हॅमेटवर विश्वास ठेवला. कादंबरीतले संवाद बऱ्याच अंशी जसेच्या तसे उचलले. प्रत्येक दृश्याची रेखाटनं आधीच काढून ठेवली.

कादंबरीत हॅमेट स्पेडच्या मनात कधीच डोकावत नाही. तो काय करतो आणि काय बोलतो, एवढंच सांगतो. ह्यूस्टननं हीच शिस्त कॅमेऱ्याला लावली. भागीदाराच्या खुनाचं छोटं दृश्य सोडलं, तर कॅमेरा जवळजवळ सर्वत्र स्पेडच्या सोबत असतो. त्याला जे दिसतं तेच प्रेक्षकाला दिसतं, मात्र त्यानं काय ताडलंय ते कळत नाही. इथे भिंगानं शोधायचे ठसे नाहीत. समोरचा माणूस किती खोटं बोलतोय, हाच सगळा तपास.

त्यासाठी नटही तसेच लाभले. जॉर्ज राफ्टनं नाकारलेला स्पेड हम्फ्री बोगार्टकडे आला आणि त्याची कारकीर्दच पालटली. पीटर लॉरचा मृदू बोलणारा, अत्तराचा दरवळ घेऊन वावरणारा कैरो अंगावर काटा आणतो. जाडजूड गटमन रंगवणारा सिडनी ग्रीनस्ट्रीट रंगभूमीवर मुरलेला होता, पण 61 व्या वर्षी कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभा राहत होता. छायाचित्रकार आर्थर एडिसननं कॅमेरा खाली ठेवून त्याला असं टिपलं की त्याचं पोट पडदा व्यापतं आणि डोक्यावरचं छतही अंगावर येतं. ह्यूस्टनचे वडील, नामवंत नट वॉल्टर ह्यूस्टन, मुलाच्या पहिल्या चित्रपटासाठी काही क्षणांच्या भूमिकेत आले: ससाणा आणून देणारा मरणासन्न कप्तान.

ऑक्टोबर 1941 मध्ये चित्रपट झळकला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, पटकथा आणि ग्रीनस्ट्रीटचा अभिनय अशी ऑस्करची तीन नामांकनं मिळाली. पुरस्कार एकही नाही. युद्धामुळे अडकलेले अमेरिकन चित्रपट 1946 मध्ये पॅरिसला पोहोचले, तेव्हा तिथल्या समीक्षकांना या आणि ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’ यांसारख्या चित्रपटांत एक नवा काळोखी सूर ऐकू आला. ‘फिल्म न्वार’ हे नाव तेव्हा रुजू लागलं. 1989 मध्ये अमेरिकेनं राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू केली, त्या पहिल्या 25 चित्रपटांत हा होता. 2013 मध्ये या चित्रपटातली शिशाची मूर्ती लिलावात 40 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. चित्रपटाच्या एकूण खर्चाच्या दहापट.

खुनी कोण, हे इथे मुद्दामच सांगितलेलं नाही. पण ते कळल्यावरही चित्रपट पुन्हा पाहावा, विशेषतः मेरी ॲस्टरसाठी. तिची नायिका सतत धापा टाकल्यासारखी बोलते. तो श्वास साधावा म्हणून दृश्याआधी आपण सेटवर धावून येत असू, असं तिनं पुढे आठवणींत लिहिलं. पहिल्यांदा पाहताना ती धाप भीतीची वाटते. दुसऱ्यांदा पाहताना तिच्या प्रत्येक वाक्यानंतर नजर आपोआप बोगार्टच्या चेहऱ्याकडे वळते: यानं हे आत्ताच ओळखलं होतं का?