वाचकाच्या पानात परक्याचा हात

छापील नियतकालिक वाचणाऱ्या कुटुंबास जाहिरात ही काही नवी गोष्ट नव्हे. साबण, केशतेल, शिवणयंत्र, बाळघुटी अशा वस्तूंच्या जाहिराती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या येत आल्या, आणि कित्येक मुलांनी आपली अक्षरओळख त्यांच्यावरच पक्की केली. त्या जाहिरातींचा एक गुण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात आला नाही. जाहिरात आपल्या चौकटीत राही. पान उलटले की ती मागे पडे. ती उठून मजकुरावर बसत नसे, आणि आपल्याकडे कोण, कोठून व किती वेळ पाहत होते ह्याची वर्दी ती कारखानदारास देत नसे.

पडद्यावरील जाहिरातही प्रारंभी अशीच सालस होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ ह्या अमेरिकन संकेतस्थळावर ‘एटी अँड टी’ कंपनीची एक आडवी पट्टी झळकली. महाजालावरील अगदी पहिल्या जाहिरातींत तिची गणना होते. आज त्या पट्टीची वंशावळ कोठवर पोचली आहे हे वाचकांस सांगणे नलगे. बातमीची दोन वाक्ये वाचून होत नाहीत तोच पडदा झाकला जातो, मिटविण्याची फुली मोहरीएवढी असते, आणि ती दाबू जावे तर बोट नेमके जाहिरातीवरच पडते. शिवाय ह्या अनाहूत पाहुण्याचा प्रवासखर्चही यजमानाच्याच माथी बसतो, कारण चलत्‌चित्रांची ती जाहिरात ज्या डेटातून उतरते तो वाचकाने पैसे मोजून घेतलेला असतो.

बेंगळुरू नगरीस जाहिरातींचा उपद्रव अपरिचित नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तेथील महानगरपालिकेस रस्त्यांवरील अनधिकृत फ्लेक्स व फलक हटविण्याचा आदेश दिला, आणि थोड्याच दिवसांत हजारो फलक खाली उतरले. पण रस्ता हा सर्वांचा असतो. त्याची राखण करावयास पालिका व न्यायालये आहेत. आपल्या हातातील पडदा हा आपला एकट्याचा. त्याची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न त्याच नगरीत तीन वर्षे आधी एका वेगळ्या रीतीने पुढे आला होता.

जून २०१५ मधील ही गोष्ट. बेंगळुरूचे प्रोग्रॅमर थेजेश जी. एन. ह्यांच्या असे ध्यानात आले की, एअरटेलच्या थ्री-जी जोडणीवरून उघडलेल्या पानांत काही संगणकीय आज्ञा अशा आहेत, की ज्या पानाच्या कर्त्याने लिहिलेल्याच नाहीत. पान संकेतस्थळावरून निघाले तेव्हा त्या त्यात नव्हत्या; वाचकाच्या यंत्रावर पोचले तेव्हा होत्या. ह्याचा अर्थ एवढाच होऊ शकत होता की, वाटेत कोणीतरी त्या घातल्या. त्या आज्ञा पानावर एक पट्टीही बसवू पाहत होत्या. थेजेश ह्यांनी आपणांस काय दिसले त्याची चित्रे व त्या आज्ञांचा मजकूर ‘गिटहब’ ह्या सार्वजनिक ठिकाणी जसाच्या तसा प्रसिद्ध केला.

त्यानंतर काही दिवसांतच त्यांना वकिलाची नोटीस आली. ती एअरटेलची नव्हे, तर फ्लॅश नेटवर्क्स ह्या इस्रायली कंपनीच्या वतीने होती. त्या आज्ञा आपल्या मालकीच्या असून त्या प्रसिद्ध करण्याचा थेजेश ह्यांना अधिकार नाही असा कंपनीचा दावा होता, आणि फौजदारी कारवाईचा इशाराही नोटिशीत होता. अमेरिकन स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली मागणी होताच गिटहबनेही ते पान काढून टाकले. वाचकांनी येथे क्षणभर थांबून ह्या प्रकारातील विपर्यास पाहावा. जो मजकूर ह्या गृहस्थाच्या यंत्रावर त्याला न विचारता धाडला गेला, तो त्याने इतरांस दाखविला, हाच त्याचा अपराध ठरू पाहत होता!

एअरटेलने खुलासा केला तो असा : ग्राहकास आपण किती डेटा वापरला हे कळावे ह्यासाठीच ही व्यवस्था असून नोटिशीशी आपला काहीही संबंध नाही. हा खुलासा अक्षरशः खरा मानला तरी मूळ प्रश्न उरतोच. आज वापराचा आकडा दाखविणारी पट्टी ज्या फटीतून आत येते, त्याच फटीतून उद्या जाहिरातीची पट्टी येऊ शकते. अमेरिकेत तसे घडलेही होते. २०१४ साली कॉमकास्ट कंपनी आपल्या सार्वजनिक वाय-फायवरून जाणाऱ्या पानांत स्वतःच्या जाहिराती घालीत असल्याचे उघडकीस आले होते. अनुवादाचे काम करणाऱ्यास मूळ लेखकाच्या मजकुरात आपल्या पदरचे एक वाक्यही घालण्याची मुभा नसते. मग केवळ निरोप पोचविणाऱ्याने ती का घ्यावी, असे प्रस्तुत लेखकास त्या वेळी वाटले होते, व अद्यापही वाटते.

हे शक्य कसे झाले? त्या काळी बहुसंख्य पाने पोस्टकार्डाप्रमाणे प्रवास करीत. वाटेतील कोणीही ती वाचावीत आणि मनात आले तर कोपऱ्यात दोन ओळी खरडाव्यात. बंद पाकिटाची रीत, म्हणजे ज्या पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असते ती, उपलब्ध होती, परंतु तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लहान संकेतस्थळांना महाग व कटकटीचे वाटे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ह्या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून ते विनामूल्य सर्वांस खुले केले, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर उघड्या पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारू लागला. पोस्टकार्डे झपाट्याने कमी झाली आणि वाटेतल्या हाताला आत शिरणे दुर्घट झाले.

तथापि पाकीट कितीही पक्के असले, तरी पत्र लिहिणाऱ्यानेच आत परक्याची चिठ्ठी घातली तर ते काय करणार? आजच्या बहुतेक जाहिराती ह्याच मार्गाने येतात. संकेतस्थळाचा किंवा ॲपचा मालक आपली जागा एखाद्या जाहिरातजाळ्यास देतो, आणि तेथे काय दिसेल, वाचकाविषयी काय टिपले जाईल, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ह्याचेही एक ठळक उदाहरण बेंगळुरूतच वाढलेल्या इनमोबी ह्या कंपनीचे आहे. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर असा आरोप ठेवला की, ज्यांनी आपले ठिकाण सांगण्यास स्पष्ट नकार दिला होता त्यांचेही ठिकाण ती आसपासच्या वाय-फाय जोडण्यांच्या खुणांवरून ओळखून काढी, आणि लहान मुलांसाठी असलेल्या ॲपांतूनही हे चाले. तडजोडीत कंपनीने ९ लाख ५० हजार डॉलर भरले. मुलांविषयीची माहिती नष्ट करण्याचे व पुढील वीस वर्षे त्रयस्थ तपासणीस राजी राहण्याचे बंधनही तिच्यावर आले. नकार दिलेल्या माणसाचा माग घेणारी जाहिरात ही केवळ त्रासदायक राहत नाही, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

अशा स्थितीत वाचकाने आपल्या दाराशी पहारेकरी नेमला तर नवल नाही. जाहिरातरोधक म्हणून ओळखली जाणारी साधने हेच काम करतात. पान उघडले की ब्राउझर मजकुराबरोबर इतर अनेक पत्त्यांवरून चित्रे व आज्ञा मागवू लागतो. रोधक प्रत्येक पत्ता आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि जाहिरातजाळ्याचा पत्ता असेल तर ती मागणीच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जाहिरात नुसती दिसेनाशी होत नाही. ती येतच नाही व डेटाही वाचतो. ‘ईझीलिस्ट’ ही त्यांतील प्रसिद्ध यादी २००५ पासून मुख्यतः स्वयंसेवकांनी जोपासली आहे. जर्मनीत ॲक्सेल श्प्रिंगर ह्या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाने अशा साधनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल वाचकाच्या बाजूने दिला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफ. बी. आय. ह्या तपासयंत्रणेने शोधपानांवरील तोतया जाहिरातींपासून सावध करताना रोधक वापरण्याचा सल्ला नागरिकांस दिला.

पहारेकरीही सारेच निःस्पृह नसतात हे सांगितले पाहिजे. ‘ॲडब्लॉक प्लस’ने २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट दिली, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल मोबदलाही घेतला. देवडीवरच्या शिपायाने ओळखीच्यांकडून बिदागी घ्यावी, तसलाच हा व्यवहार!

दुसरी बाजू त्याहून अवघड आहे. वृत्तपत्राच्या किमतीत त्याचा कागदसुद्धा निघत नाही. उरलेला भार जाहिरातच उचलते. फुकट वाचावयास मिळणाऱ्या एखाद्या लहान मराठी संकेतस्थळाची स्थिती तर ह्याहून नाजूक असते. सरसकट साऱ्या जाहिराती अडविणारा वाचक त्या संपादकाच्या ताटातला घास काढून घेतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ह्यास उपाय रोधकातच आहे : एखाद्या संकेतस्थळापुरता तो बंद ठेवता येतो. जेथे जाहिरात आपल्या चौकटीत राहते तेथे दार उघडे ठेवावे, आणि परवडत असेल तेथे वर्गणी भरावी. प्रस्तुत लेखकाच्या घरी असाच प्रघात आहे, आणि उघड्या दारांची यादी, खरे सांगावयाचे तर, फार लांब झालेली नाही.

आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. बातमीचे सोंग घेतलेली जाहिरात व पुनःपुन्हा छळणारी विनवणी हे दोन्ही प्रकार त्यांत आहेत. तक्रार १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदविता येते.

घरच्या घरी करण्याजोगे थोडे आहे, ते असे. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये रोधक बसविता येत नाही. फायरफॉक्समध्ये येतो, व ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा त्यांतील विनामूल्य व बिदागी न घेणारा रोधक आहे. ब्राउझरमधील रोधकाचा अंमल इतर ॲपांवर चालत नाही, म्हणून मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनवर आणखी एक गोष्ट करावी. जाहिरातदारांस फोन ओळखता यावा म्हणून त्यास एक क्रमांक दिलेला असतो. नव्या अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या भागात ‘जाहिराती’ हे सदर असते; तेथे तो क्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे, आणि त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.