ब्रशवर काय आलं?

संपादकांना लेख हवा होता तो लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरवर. मी आधी तळघर बघायला उतरलो आणि तिथेच रमलो.

रात्रीचे अकरा वाजले होते, इमारतीच्या एसीचं पाणी गार करणारा चिलर बंद होता. कंडेन्सरचं जाड लोखंडी झाकण चेनब्लॉकला लटकत होतं आणि आत तांब्याच्या शेकडो नळ्यांची तोंडं, मधाच्या पोळ्यासारखी. प्लांटमध्ये सगळे ज्यांना 'मामा' म्हणतात ते लवचीक शाफ्टच्या टोकाचा नायलॉनचा ब्रश एकेका नळीत घालत होते. ब्रश गरगरत आत जायचा, पाण्याबरोबर मळ बाहेर यायचा. एकदा त्यांनी ब्रशवरचा चिखल अंगठ्याने चोळून पाहिला. "खरखरीत लागला तर क्षार, बुळबुळीत लागला तर शेवाळं. इथे दोन्ही आहे, साहेब."

चिलर साधारण ७ अंशांचं पाणी वरच्या मजल्यांवर पाठवतो, ते १२ च्या आसपास तापून परत येतं. ती उष्णता कंडेन्सरच्या नळ्यांतल्या दुसऱ्या पाण्यातून गच्चीवरच्या कूलिंग टॉवरला जाते. तिथे थोडं पाणी वाफ होऊन उडतं, उरलेलं गार होतं. वाफ क्षार बरोबर नेत नाही, ते मागेच राहतात. म्हणून खारट झालेलं पाणी थोडं थोडं सोडून द्यावं लागतं. याला ब्लोडाऊन म्हणतात. पाणी वाचवायचं म्हणून कुणी तो व्हॉल्व्ह आवळला, की टँकरच्या जड पाण्याचा थर किटलीच्या बुडासारखा नळ्यांत बसलाच.

बुळबुळीत थराची गोष्ट वेगळी, आणि जास्त भीतीची. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन भरलं आणि न्यूमोनियासारख्या आजाराने ३४ जण गेले. संशय कूलिंग टॉवरवर होता. जंतू सापडायला पुढच्या वर्षाचा जानेवारी उजाडला. नाव पडलं लेजिओनेला. कोमट पाणी आणि बुळबुळीत थर त्याला मानवतो, टॉवरच्या तुषारांतून तो माणसाच्या फुप्फुसात पोचतो. म्हणून जंतुनाशकं आलटूनपालटून घालतात.

ब्रशने न निघणाऱ्या क्षारांच्या थरासाठी अ‍ॅसिड फिरवतात. फेस येतोय तोवर क्षार शिल्लक आहेत. पण क्षार संपले हे अ‍ॅसिडला कुठे कळतं? मग ते तांब्याला लागतं. ते आवरायला त्यात इनहिबिटर घालावं लागतं, शेवटी सोड्याने धुवावं लागतं. घाईत यातलं एक राहिलं आणि नळीला सुईएवढं भोक पडलं, तर चिलरमधला गॅस पाण्यात. वर थंड पाण्याची बंद लाइन असते तिचं दुखणं निराळं. तिच्यात क्षार फारसे नसतात, लोखंडाची काळी काजळी असते. स्ट्रेनर उघडला की डांबरासारखं पाणी येतं. कुणी बंद करून सोडलेल्या फाट्यांत तर औषध पोचतच नाही, जंतू मात्र मजेत राहतात. हे साफसफाईचं काम दिसत नाही, म्हणून टेंडर सर्वांत स्वस्त बोलीला जातं. स्वस्त बोलीत पहिल्यांदा कापली जाते ती पाण्याची तपासणी.

पहाटे चारला मशीन सुरू झालं. गॅसचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक, म्हणजे 'अप्रोच', काल ४.६ होता, आता १.४. मामांनी आकडा रजिस्टरात पेन्सिलीने लिहिला.

"पेनने का नाही?"

"आठवडाभर टिकू दे. मग पेनने."