भरलेली मेमरी हा बिघाड नव्हे

लॅपटॉप रखडू लागला की पहिला संशय मेमरीवर जातो. ओवे गावातल्या आमच्या शेजारणीच्या बारावीतल्या मुलीलाही तेच वाटत होतं. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. सीईटीचा फॉर्म भरायला बसली की ब्राउझर उघडेपर्यंतच तिचा धीर सुटायचा. "काका, तेवढी रॅम रिकामी करून द्या ना!"

आधी रिसोर्स मॉनिटर उघडला. त्यात मेमरीची आडवी रंगीत पट्टी असते. हिरवा भाग वापरातला, निळा 'स्टँडबाय', टोकाचा फिकट निळा खरोखर रिकामा. तिचं बोट निळ्यावर पडलं: एवढी जागा उगाच अडलीय!  

पण ही जागा अडलेली नसतेच. मेमरी ४ केबीच्या पानांत वाटलेली असते. प्रोग्रॅम बंद झाला तरी त्याच्या फायलींची पानं विंडोज लगेच पुसत नाही. चहा झाला तरी साखरेचा डबा ओट्यावरच राहू द्यावा, तसं. दुसऱ्या कुणाला जागा लागली की ती तत्काळ दिली जाते.

सांगून पटणारं नव्हतं, म्हणून करूनच दाखवलं. मायक्रोसॉफ्टच्या रॅममॅप या मोफत प्रोग्रॅममध्ये स्टँडबाय यादी रिकामी करायची सोय आहे. क्षणात निळा पट्टा आकसला आणि तिचा चेहरा खुलला. मग वर्ड उघडलं. मघाशी बंद करून पुन्हा उघडलं तेव्हा ते चटकन आलं होतं. आता डिस्क करकरू लागली, तिचा दिवा विझेना, आणि वर्ड रेंगाळलं. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या डिस्कला त्याच्या सुमारे लाखपट वेळ लागतो. जे हाताशी होतं तेच आम्ही फेकून दिलं होतं.

खरं दुखणं रिसोर्स मॉनिटरमधल्याच 'हार्ड फॉल्ट्स'च्या, म्हणजे पान रॅमऐवजी डिस्कवरून आणावं लागल्याची नोंद ठेवणाऱ्या, रकान्यात सापडलं. ब्राउझरचे टॅब वाढत गेले तसा निळा पट्टा आपोआपच संपत आला, आणि मग आकडे चढू लागले. वापरातलीच पानं रॅममध्ये मावेनात, म्हणून विंडोज ती डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकत होतं आणि लगेच परत ओढत होतं. इथे साफसफाई काय कामाची?

लॅपटॉप सुरू होतानाच उठून बसणारा गेमचा लाँचर आणि व्हिडिओ कॉलचे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून बंद केले, ब्राउझरमधली नको ती एक्स्टेन्शन काढली. फॉर्म भरण्यापुरतं एवढ्यावर भागलं. पुढच्या खर्चासाठी तिच्या आईला क्रम सांगितला: आधी एसएसडी, मग रॅमची आणखी एक पट्टी.

रॅम साफ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे मोजण्याआधी तुम्हीही नेहमीचं काम चालू ठेवून हार्ड फॉल्ट्सचा रकाना थोडा वेळ बघा. तिथे आकडे सतत चढते नसतील, तर निळ्या पट्टीला हात लावू नका.