गुलाबाचा गंध आणि रोशाचे गवत

पावसाळा सरता सरता यवतमाळ जिल्ह्यातील डोंगराळ, विरळ सागवानी रानांत जे पुरुषभर उंचीचे गवत तुऱ्यावर येते आणि ज्याचे पान बोटांत चुरगळताच गुलाबाच्या जवळचा, किंचित तिखट गंध दरवळतो, त्या रोशाला अथवा तिखाडीला जंगल खात्याच्या दप्तरी गौण वनोपज यापलीकडे प्रतिष्ठा नाही; तथापि सुगंधी द्रव्यांविषयीचे आपल्यातील बहुतेक गैरसमज दूर करण्यास या एका गवताची साक्ष पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

सुगंध म्हणजे फुलांचा अर्क, ही त्यांतली सर्वांत रूढ समजूत. वस्तुतः चंदनाचा गंध गाभ्याच्या लाकडात, वाळ्याचा मुळांत आणि रोशाचा पाने व तुरे यांत असतो. गुलाबाच्या तेलातील एक मुख्य घटक जिरॅनिऑल हा असून रोशाच्या तेलात त्याचे प्रमाण पाऊण हिश्शाहूनही अधिक भरते. गुलाबाच्या एक किलो तेलासाठी साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या खर्ची पडतात, तर शंभर किलो ओल्या रोशातून पाव ते अर्धा किलो तेल हाती येते. हा हिशेब व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकात खानदेश-वऱ्हाडचे रोशा तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई, तेथे लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्यात घुसळून व उन्हात ठेवून ते शुद्ध केले जाई, आणि बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत; ज्या मुलुखाचा हा जिन्नस, त्याचे नाव मात्र कोठेच उरले नाही, याचा मला मनापासून विषाद वाटतो.

अत्तर पिळून काढतात, हेही पुष्कळांना खरे वाटते. संत्र्या-लिंबाच्या सालींपुरते ते खरे आहे. रोशाचे तसे नाही. भट्टीवरील देगेत गवत दाबून भरतात, झाकणाची सांध बंद करतात, आणि तेलयुक्त वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवतात. थंड पाणी मुबलक लागत असल्याने या भट्ट्या पूर्वापार नाल्याकाठी लागत. जिरॅनिऑल एकटे तापविले तर सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते. परंतु पाण्याच्या वाफेच्या सोबतीने ते शंभर अंशांच्या आतच वर येते, आणि निवल्यावर पाण्याहून हलके असल्याने आपोआप तरंगते.

सर्व रोशा एकच, हाही भ्रम. मोतिया व सोफिया हे त्याचे दोन प्रकार दिसायला जवळपास सारखे. पण निचऱ्याच्या उतारावर वाढणाऱ्या मोतियाचे तेल अव्वल दर्जाचे, तर सखल, ओलसर जागी वाढणाऱ्या सोफियाचे उग्र व हलक्या किमतीचे.

असे तेल म्हणजे अत्तर नव्हे. कनोजच्या पद्धतीप्रमाणे फुलांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवली म्हणजे अत्तर होते, त्यात स्पिरिट नसते. परफ्यूम, ओ द परफ्यूम, ओ द टॉयलेट आणि कोलोन यांत सुगंधी द्रव्य स्पिरिटात विरघळवलेले असते. ही नावे निरनिराळ्या सुवासांची नसून त्या द्रव्याच्या प्रमाणाची आहेत. व्यापारी संकेतानुसार ते प्रमाण अनुक्रमे २० टक्क्यांहून अधिक, १५ ते २०, ५ ते १५ आणि २ ते ५ टक्के असे ढोबळमानाने असते.

राहता राहिला नैसर्गिक ते निर्धोक हा समज. रोशाचा प्राण असलेले जिरॅनिऑल काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून युरोपीय संघात ठराविक प्रमाणापुढे त्याचा नामनिर्देश वेष्टणावर करणे सक्तीचे आहे. रोशाचे तेल सांधेदुखीवर चोळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चोळणाऱ्याने ते गोड्या तेलात मिसळून, आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून पाहावे.