डोळे फिरतात, मन सावरतं

१ जुलै २०२३ ची ती रात्र आपला जिल्हा विसरलेला नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. २५ जण गेले, ८ वाचले. अशा अपघातातून वाचलेल्या माणसाचं अंग बरं होतं, पण मनाचं काय? डिझेलचा वास आला, ब्रेक करकचला की काहींना सगळं आत्ताच घडतंय असं वाटतं. महिना उलटला तरी हे थांबत नसेल तर तो पीटीएसडी असू शकतो.

त्यावर ईएमडीआर नावाची थेरपी आहे. अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरो यांना ती १९८७ मध्ये सुचली. पेशंट तो प्रसंग मनात आणतो आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांमागे नजर फिरवतो. साधारण अर्धा मिनिट. मग थांबून काय जाणवलं ते सांगायचं, की पुन्हा सुरू.

याने फरक का पडतो? एक मत असं, की आपली वर्किंग मेमरी रॅमसारखी मर्यादित असते. दोन कामं एकदम चालवली की आठवणीचं चित्र फिकं होतं आणि तसंच पुन्हा सेव्ह होतं. प्रसंग पुसला जात नाही, त्याची धार जाते. डोळ्यांचा वाटा नेमका किती यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या थेरपीची शिफारस केली.

मात्र हा प्रयोग रूमवर करायचा नाही हं! ते ट्रेनिंग घेतलेल्याचंच काम. पण रूममेट रात्री दचकून उठत असेल तर "विसर ना यार" म्हणू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.