खिशातील जग

आपल्याकडील फेरीबोटींत, तिंठ्यांवर आणि देवळांच्या सभामंडपांत तीन विषयांवर हमखास मतप्रदर्शन चालते : नवा मोबाइल कोणता घ्यावा, महागाई कोठवर जाणार आणि दूरदेशीच्या युद्धात चूक कोणाची. मते ठाम असतात आणि हिरिरीने मांडली जातात. परंतु या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, याची जाणीव त्या चर्चेत क्वचितच दिसते. आमच्या मते हा एकच विषय आहे आणि तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

फोनचेच पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांची जुळणी आता भारतातच होते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. फोनचा मेंदू म्हणता येईल अशा अतिप्रगत चिपा बहुतांशी तैवान बेटावर तयार होतात, आणि त्या बेटावर चीन आपला हक्क सांगत आला आहे. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टचा सर्वात मोठा साठा काढला जातो तो आफ्रिकेतील काँगोमध्ये. तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात, हे वारंवार उघड झाले आहे. २०२०-२१ मध्ये महासाथीच्या काळात चिपांचा पुरवठा आटला, तेव्हा मोटारीची नोंदणी केलेल्या भारतीय ग्राहकांना महिनोन् महिने तिष्ठत बसावे लागले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले आरंभले, तेव्हा असंख्य जहाजांनी सुएझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला. प्रवास लांबला, भाडी व विम्याचे दर चढले. १४९८ मध्ये वास्को द गामा ज्या वाटेने या किनाऱ्याकडे आला, तीच ही वाट. ज्यांचे मुलगे आज जहाजांवर नोकरीस आहेत, त्या गोमंतकीय घरांना हा भूगोल निराळा शिकवण्याची गरज नाही.

विदेशी वस्तूंच्या मोहाचा धडाही गोव्याने फार पूर्वी घेतलेला आहे. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने आर्थिक निर्बंध लादल्यावर पोर्तुगीज सरकारने आयातीची दारे सताड उघडली. डोंगर फोडून काढलेले लोहखनिज बाहेर जाई आणि त्या पैशांतून घड्याळे, रेडिओ, उंची कापड व मद्ये आत येत. पणजी-मडगावची दुकाने ओसंडून वाहत होती. त्याच काळात नागरिकाला सभा भरवण्याची मुभा नव्हती आणि छापील मजकुरावर सरकारी तपासनिसाची नजर असे. दुकानातील सुबत्ता पाहून जनतेने स्वातंत्र्याचा विसर पाडून घ्यावा, ही राज्यकर्त्यांची अपेक्षा होती. १९६१ च्या डिसेंबरात ती धुळीस मिळाली. वस्तू मिळणे आणि निवड करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीने ओळखले होते.

आज निवड हिरावून घेणारा परकी राज्यकर्ता कोणी नाही. ती आपणच हप्त्यांवर गहाण टाकतो. चतुर्थी जवळ आली, माटोळीचे सामान बाजारात येऊ लागले, की ‘बिनव्याजी हप्त्यां’च्या जाहिरातीही झळकतात. शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले होते. ते व्याज कधी प्रक्रिया शुल्काच्या नावाने येते, कधी रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सवलत नाकारून वसूल होते. पगाराचा मोठा भाग अशा हप्त्यांत अडकलेल्या कुटुंबावर एखादे आजारपण कोसळले, म्हणजे या सवलतीची खरी किंमत कळते. शेजाऱ्याच्या घरी मोठ्या पडद्याचा टीव्ही आला म्हणून आपला चालता टीव्ही भंगारात काढणे, याला आम्ही गरज म्हणू शकत नाही.

यंत्रांवर बहिष्कार घाला, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. परगावी असलेल्या लेकीचा चेहरा आजीला दाखवणारे यंत्र तुच्छ मानण्याजोगे नव्हेच. आमचा आग्रह एवढाच, की घेतलेली वस्तू पुरती वापरावी, बिघडली तर दुरुस्त करून घ्यावी आणि दुरुस्तीचा हक्क मागावा. फ्रान्सने २०२१ पासून फोन, टीव्ही आदी वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त करता येतात याचे गुणांक छापणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे दालन उघडले. परंतु कायद्याच्या सक्तीविना कंपन्या सुटे भाग वाजवी दरात देतील, हा भाबडा आशावाद ठरेल. विकत घेताना दुकानदाराला केवळ कॅमेऱ्याविषयी विचारू नये. बॅटरी बदलता येते काय, सुटे भाग किती वर्षे मिळतील, हेही विचारावे. दहा ग्राहकांनी हे विचारले तर दुकानदार हसेल. दहा हजारांनी विचारले तर त्याला कारखानदाराकडे उत्तर मागावेच लागेल.

तैवानच्या सामुद्रधुनीत काय घडावे, हे ठरवणे आपल्या हाती नाही. जुना फोन आणखी दोन वर्षे चालवायचा की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. युद्धावर मत देण्याइतक्याच हिरिरीने आपण हा निर्णयही घ्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.