मोपेडची साखळी कशी पारखावी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींत बियाणें, खताचीं पोतीं व प्रसंगीं आजारी माणसेंही मोपेडवरून नेण्यांत येतात. १९७२ सालीं लुना बाजारांत आली, तेव्हांपासून हें लहान यंत्र महाराष्ट्रांत रुळलें. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जातांना अरण्यांत साखळी तुटल्यास मदत दूर राहते. तुटकी साखळी चाकांत अडकल्यास स्वारही पडतो. यास्तव केवळ स्वस्त म्हणून साखळी घेऊं नये.

प्रथम तिजवरील अंक वाचावा. दोन लगतच्या खिळ्यांमधील अंतर, म्हणजे टप्पा, ४१५, ४२० व ४२८ या तिन्हींत १२.७ मिलिमीटरच असतो. परंतु आंतील रुंदी अनुक्रमें ४.७६, ६.३५ व ७.९४ मिलिमीटर असते. सबब मूळ साखळीचाच अंक मागावा.

साखळी लांबते ती पट्ट्या ताणून नव्हे, तर खिळे व बुश झिजून. तेलांत मिसळलेली वाळू कानशीचें काम करते. नव्या साखळीचे २४ टप्पे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ते ३११ भरूं लागले कीं साखळी बदलावी. चक्राचे दांत आंकड्यासारखे वळले असल्यास चक्रेंही बदलावीं, नाहीं तर नवी साखळी लवकर झिजते. जोडकडीच्या चापाचें बंद तोंड साखळीच्या चालीच्या दिशेस ठेवावें.

ही पाहणी रोवणीपूर्वींच उरकावी. ऐन हंगामांत साखळीसाठीं तालुक्यास खेप घालणें परवडत नाहीं.